आधी मी

चाळिशी उलटलेला, पंच्याऐंशी किलोंचा, झुपकेदार मिशांचा माणूस बालवाडीच्या घसरगुंडीत अडकलेला तुम्ही कधी बघितलाय का? मी बघितलाय. दोनदा. दोन्ही वेळा माणूस तोच, घसरगुंडी तीच, आणि दोन्ही वेळा त्याची पाच वर्षांची मुलगी खाली उभी राहून त्याला शांतपणे सांगत होती, "बाबा, पाय सरळ करा. मग याल खाली."

हे आमचे गायकवाड भाऊ. कर्जतला दहिवलीत आमच्या समोरच्या दारात राहतात. लाइटच्या खात्यात वायरमन आहेत. खांबावर चढायचं, तारेला टेस्टर लावायचा, करंट आहे की नाही ते स्वतः बघायचं आणि मग खालच्या माणसाला ओरडून सांगायचं, "लाइन क्लिअर!" ही त्यांची नोकरी. माणसानं नोकरी खांबावर ठेवून घरी यावं की नाही? पण गायकवाड भाऊ ती घरी आणतात आणि मुलीवर चालवतात. सुजाता जे काही करणार ते आधी ते स्वतः करणार. "आधी मी" हे त्यांचे लाडके शब्द. नंतर "लाइन क्लिअर" म्हटलं की मगच सुजूची पाळी.

सुजूला पोलिओचा डोस द्यायला नेलं, तर हे तोंड उघडून पुढे. "आधी मला दोन थेंब द्या." बरं, डोस देणारी सिस्टर कोण? ह्यांचीच बायको, शोभा. ती सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. मागे चाळीस बाया पोरं घेऊन उभ्या. शोभा दात आवळून म्हणाली, "अहो, बाजूला व्हा, नाहीतर सुई टोचीन." हे बाजूला झाले, पण बाटलीवरची तारीख वाचूनच. सर्दीचं औषध आणलं, तर आधी स्वतः एक चमचा घेतलं आणि काय होतंय ते बघायला खुर्चीत बसले. बसल्या बसल्या झोपले. सुजूचं नाक रात्रीपर्यंत वाहत राहिलं.

वड्याचं तर विचारूच नका. तिखट आहे का बघायला एक घास. तेल जुनं आहे का बघायला दुसरा. बटाटा शिजलाय का बघायला तिसरा. चौथा घास वड्यात उरतच नाही. सुजू हल्ली दुकानदाराला सरळ सांगते, "दोन द्या. एक बाबांना तपासायला."

तर असा हा माणूस, आणि त्याला आपली मुलगी आमच्या शिबिरात घालायची होती.

शिबिर म्हणजे काय ते सांगते. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की पोरांचं करायचं काय हा आमच्यासारख्या नोकरदार बायांपुढे मोठाच प्रश्न. कर्जतच्या आसपास फार्महाउसवाली शिबिरं आहेत, पण ती मुंबईच्या पोरांसाठी. आपल्या पोरांनी कुंपणाबाहेरून बघायची. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ घरं एकत्र बसलो. भातलावणीला आमच्याकडे सावड करतात, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात लावणी करायची, उद्या माझ्या. म्हटलं, पोरांचीही सावड करू. आज माझे हात सगळ्यांच्या पोरांसाठी, उद्या तुझे. जागा दिली धोंडूमामांनी. पेज नदीच्या काठावर त्यांची आंब्याची वाडी आहे आणि त्यांचा नातू शिबिरात असतो. सत्तरीचे आहेत, धोतर गुडघ्याच्या वर, आवाज नदीच्या पल्याड जाणारा.

नियम मोजून दोन. पहिला, प्रत्येक घरातून कुणीतरी आठवड्यातले दोन दिवस पाळीला यायचं, पण आपल्या पोराच्या गटात नाही, दुसऱ्याच्या. दुसरा, पहिला आठवडा आई-बापांनी पोरांसोबत येऊन काय बघायचं ते बघून घ्यायचं, शनिवारी फॉर्म भरून नाव पक्कं करायचं, आणि सोमवारपासून फाटकावरूनच परत फिरायचं. आत डोकावायचं नाही. हा दुसरा नियम मीच घातलाय. पहिल्या वर्षी एकेक आई झाडामागे लपून उभी असायची आणि पोरं तिला बघून भोकाड पसरायची. तिसापेक्षा जास्त पोरं आम्ही घेत नाही, कारण तेवढेच हात आहेत. यंदा एकोणतीस नावं आधीच ठरलेली होती. तिसावी जागा सुजूसाठी राखली होती, आणि शेलू गावची एक बाई रोज फोन करून विचारत होती, "ताई, ती जागा सुटली का हो?"

पहिल्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी गायकवाड भाऊ सुजूला घेऊन आले. "जय भीम, वहिनी," म्हणाले आणि खिशातून एक कागद काढला. मला वाटलं फॉर्म. कसला फॉर्म! लाइट बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले. वाडीत साप निघतात का? निघाले तर कोणत्या बाजूने? आंबा पोराच्या डोक्यावर पडला तर किती उंचीवरून पडेल?

धोंडूमामा म्हणाले, "आवं गायकवाड, आंबा काय इचारून पडतोय का?"

"म्हणून तर, मामा. आधी मी बघतो."

आणि बघितलं. खांबावर चढायचा पट्टा कमरेला बांधून माणूस आंब्यावर चढला आणि झोपाळ्याची फांदी हलवून हलवून तपासली. त्या हलवण्यात पंधरा-वीस कैऱ्या खाली पडल्या आणि एक धोंडूमामांच्या टाळक्यात बसली. वरून आवाज आला, "लाइन क्लिअर!" मग खाली येऊन झोपाळ्यावर स्वतः बसले आणि पोरांकडून दहा झोके काढून घेतले. पोरांना काय, मज्जाच. एकोणतीस पोरं ओळीत उभी राहून आपली पाळी सोडून त्यांना ढकलत होती.

दुपारी खिचडी. त्या दिवशी रांधायची पाळी माझी होती, तेव्हा जे झालं ते मला चांगलंच लागलं. पोरं ताटं घेऊन बसली. मी वाढायला घेणार, तेवढ्यात हे पुढे. "आधी मी." एक वाटी खाल्ली. मिशी पुसली. "मीठ बरोबर आहे, वहिनी. आता दहा मिनिटं थांबा."

"कशाला?"

"मला काही होतंय का ते बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस वर्षं संसार करतेय, माझ्या हातची खिचडी खाऊन आजवर कुणी आडवं झालेलं नाही! पण काय करता? तीस पोरं रिकामी ताटं मांडीवर घेऊन त्यांच्याकडे टक लावून बसली, आणि हे घड्याळाकडे. पाचएक मिनिटांनी धोंडूमामांच्या नातवाला राहवेना. त्यानं विचारलं, "काका, मेलात का?"

"अजून नाही," गायकवाड भाऊ गंभीरपणे म्हणाले.

मंगळवारी त्यांनी दुपारच्या विश्रांतीच्या चटया तपासल्या. म्हणजे आडवे झाले, ते थेट पोरांची घरी जायची वेळ झाल्यावर सुजूनं हलवून उठवलं. मी पदर तोंडाला लावून हसत होते. शोभाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी काय करू? लग्नाच्या आधी हे हॉल बघायला गेले आणि स्टेजवर उड्या मारून आले. तेव्हाच मला समजायला हवं होतं."

पण बुधवारी माझं हसणं थोडं कमी झालं. झाडांना पाणी देण्याची मोटर आहे, तिचं बटण एका पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही दोन वर्षं त्या शेडमध्ये पोरांच्या चपला ठेवतो. गायकवाड भाऊंनी तिथे टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. बटणामागची तार उंदरानं कुरतडली होती, पत्र्यात करंट उतरला होता. "वहिनी, पोरं लांब घ्या," एवढंच म्हणाले. आवाज वेगळाच होता. त्यांनी मेन बंद केली, नवी तार ओढली, पत्र्याला अर्थिंग दिलं, आणि शेवटी स्वतःच्या हाताचा तळवा पत्र्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "लाइन क्लिअर." दोन वर्षं तिथे माझा मुलगा चपला ठेवत होता. मी त्यांना चहा केला, आणि तो त्यांनी आधी तपासला तरी काही बोलले नाही.

आता उरली नदी.

पेज मे महिन्यातही वाहती असते, वरच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून. वाडीच्या खाली एक शांत जागा आहे. काठापासून मधल्या मोठ्या दगडापर्यंत धोंडूमामांनी दोरी बांधली आहे. दगडाला पोरं हत्ती म्हणतात. पाठीला तेलाचा रिकामा, झाळून बंद केलेला डबा बांधायचा, दोरीच्या कडेनं हातपाय मारत हत्तीपर्यंत जायचं आणि हत्तीवर उभं राहून ओरडायचं. दोन्ही बाजूंना मोठी माणसं पाण्यात उभी असतात. त्यांना पाणी छातीपर्यंत येतं. आमच्या शिबिरात हत्तीवर उभं राहिल्याशिवाय कुणी स्वतःला मोठं समजत नाही.

गुरुवारी गायकवाड भाऊ काठावर आले आणि त्यांचा चेहराच उतरला. मला आधी कळेना. तीस फुटी खांबावर, वादळात, एका हातानं लोंबकळून तार जोडताना ह्या माणसाला मी बघितलंय.

"पोहता येतं ना, भाऊ?"

"नाही, वहिनी."

"मग राहू द्या की. सुजूला मामा बघतील."

"असं कसं? आधी मी."

धोंडूमामांनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एका डब्यात हे धूड नाय तरंगायचं. दोन बांदा रं." मग दोन डबे पाठीवर, बनियन आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी, अशा अवतारात गायकवाड भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उतरले आणि तिथेच उभे राहिले. गुरुवारचा अख्खा दिवस घोट्यातच गेला. शुक्रवारी गुडघ्यापर्यंत मजल गेली. पोरं त्यांच्या बाजूनं बेडकासारखी ये-जा करत होती. "काका, सोप्पं आहे!" "काका, डोळे मिटू नका!" सुजू काठावर फ्रॉकात बसून होती. बाबांचं झाल्याशिवाय तिला पाण्यात पाय घालायची परवानगी नव्हती. ती हत्तीवर जो कुणी चढेल त्याच्याकडे बघत राहायची.

शनिवार उजाडला. शेलूच्या बाईचा सकाळीच फोन. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. गायकवाड भाऊंचा फॉर्म अजून त्यांच्याच शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. सगळं भरलेलं, फक्त सही नाही.

ते कमरेपर्यंत गेले. दोरी दोन्ही हातांनी धरली. धोंडूमामा पुढे उभे. "पाय सोडा आता. म्या हाय ना!" पाय काही सुटेनात. बोटं दोरीवर पांढरी पडली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गायकवाड भाऊ मागे फिरले. काठावर येऊन त्यांनी डबे सोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही जमत, वहिनी. शेलूवाल्यांना हो म्हणून सांगा."

"अहो, काहीतरीच काय? पोहायचं तुम्हाला नाहीये, तिला आहे!"

"जिथं मी जाऊ शकत नाही तिथं तिला कसं पाठवू?"

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर बोलून बसले, "मग उद्या शाळेत पाठवाल तेव्हा पहिलीच्या बाकावर तुम्ही बसणार आहात का? लग्न करेल तेव्हा आधी तुम्ही नांदून येणार का?" बोलले आणि लगेच जीभ चावली. ते काही रागावले नाहीत. त्यांनी शर्ट घातला, चपला घातल्या, आणि सुजूपुढे हात केला. "चल, बाळा."

सुजूनं हात धरला. चार पावलं चालली. मग तिनं हात सोडला.

वळून ती सरळ धोंडूमामांकडे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. "आजोबा, डबा बांधा."

मामांनी गायकवाड भाऊंकडे बघितलं. मीही बघितलं. सुजूनंच बघितलं नाही. ती नदीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आज आधी मी. तुम्ही इथून बघा."

गायकवाड भाऊ दोन पावलं मागे आले. मला वाटलं, आता नाही म्हणतात. त्यांनी मान हलवली. इतकी बारीक हलवली की मामा म्हणाले, "हो की नाय ते नीट सांगा."

"हो," गायकवाड भाऊ म्हणाले.

मामांनी डबा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. गायकवाड भाऊंनी येऊन तिसऱ्यांदा ओढली. आणि सुजू फ्रॉकासकट पाण्यात शिरली. पाय सुटले, हात सुटले, डोकं एकदा खाली गेलं. बाई गं! काठावर मी माझाच हात चावला. पण डोकं वर आलं, डबा उसळला, आणि तीन दिवस फक्त बघून बघून शिकलेली ती पोर बाकीच्यांसारखीच फटाफट पाय मारत निघाली. मामा बाजूनं चालत होते, पण त्यांनी बोटही लावलं नाही. ती हत्तीला पोचली, सरपटत वर चढली, उभी राहिली. फ्रॉकातून पाणी गळतंय, नाकातून शेंबूड गळतोय, हात कमरेवर. तिनं आधी दगडावर दोन उड्या मारून बघितल्या. पुढे वाकून पाणी हातात घेऊन चाखलं. आणि मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "बाबा! लाइन क्लिअर! या!"

एकोणतीस पोरं एका सुरात ओरडायला लागली, "लाइन क्लिअर! लाइन क्लिअर!" आम्ही बायाही ओरडलो. मी सगळ्यात जोरात ओरडले, खोटं कशाला बोलू?

गायकवाड भाऊंनी शर्टही काढला नाही. फॉर्मची पिशवी तेवढी माझ्या हातात कोंबली, दोन डबे पाठीवर टाकले, आणि डोळे उघडे ठेवून पाण्यात शिरले. पोहणं म्हणावं असं ते काही नव्हतं. नुसता धुमाकूळ होता. अर्धी पेज पोटात गेली, एक डबा सुटून वाहत चालला, त्याच्या मागे चार पोरं पळाली. पण त्यांचे पाय तळापासून सुटले होते. सगळ्यांनी बघितलं, सुटले होते! हत्तीजवळ पोचल्यावर सुजूनं हात दिला आणि हे धूड दगडावर चढलं. बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले आणि पोरांनी टाळ्या वाजवून वाडी डोक्यावर घेतली. धोंडूमामा डोळे पुसत म्हणत होते, "डोळ्यात पानी गेलं रं." त्यांचे डोळे पाण्याच्या चांगले दोन हात वर होते.

फॉर्मवर सही झाली ती उरलेल्या डब्यावर कागद ठेवून. ओल्या हातानं शाई पसरली. मी तो फॉर्म तसाच घेतला.

सोमवारी ते सुजूला फाटकापर्यंत सोडायला आले. मी नियम म्हणून फाटकात उभी होतेच. ती आत पळाली, मागे वळूनही बघितलं नाही. ते म्हणाले, "येतो, वहिनी," आणि गेले. मला हायसं वाटलं.

दुपारी जेवणाच्या वेळी मी पाण्याचा कॅन घ्यायला फाटकाबाहेर गेले, तर पलीकडच्या करंजाच्या सावलीत मोटरसायकल लावलेली आणि हे जमिनीवर बसलेले.

"ड्यूटी नाही का?"

"रजा टाकलीय." मग ओशाळून हसले. "मी आत डोकावलो नाही हं. शपथ."

मी शेजारी टेकले. मग ते आपणहून बोलायला लागले. सहा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना शिकायला वसतिगृहात ठेवलं होतं. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. एसटीनं आले, फाटकाशी पोराच्या हातात पत्र्याची पेटी दिली, म्हणाले, जा आत. "ते आत आलेच नाहीत, वहिनी. झोपायचं कुठं, खायचं काय, काही बघितलं नाही. लहानपणी मला लई राग होता. वाटायचं, ह्यांना एसटीची घाई होती. म्हणून सुजू झाली तेव्हा ठरवलं, हिला कुठं पाठवायचं तर आधी मी जाऊन येईन."

आतून पोरांचा गलका येत होता. त्यात सुजूचा आवाज कोणता ते मला ओळखू येईना, त्यांना येत असावा.

"आज सकाळपासून इथं बसलोय," ते म्हणाले. "आणि आज डोक्यात आलं, ते तरी एसटीत बसले असतील का? आत आले असते तर मला परत घेऊनच गेले असते. असेच कुठंतरी बाहेर बसले असतील दिवसभर, उपाशी." एवढं बोलून ते मोटरसायकलच्या चाकाकडे बघत राहिले. "विचारायचं राहून गेलं. आता नाहीत ते."

मी उठले, आत गेले, ताटात खिचडी वाढून घेतली आणि फाटकाबाहेर आणून त्यांच्यापुढे धरली. "घ्या. मीठ बघा आधी."

त्यांनी ताट घेतलं. "पोरांचं जेवण झालं?"

"झालं की. सुजूनं दोनदा मागून घेतली."

"मग काय बघायचं त्यात," गायकवाड भाऊ म्हणाले, आणि भराभर जेवायला लागले.